नाथा उधाण आणि नवमीचं पाणी

कळव्याला खाडीकाठी आमचं घर होतं. त्याला घर म्हणणारे आम्हीच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी उंबऱ्याखालून आत यायचं. मग आय चुलीवरचं भांडं उचलून फळीवर ठेवायची आणि माझं दप्तर त्याच्याही वर, खुंटीला. बाबांची होडी दोन माणसांची. दुसरा माणूस म्हणजे माझा चुलता, तो कंपनीत लागला आणि बाबा होडीत एकटे उरले. खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायला लागलेलं. जाळ्यात मासळी कमी, काळा गाळ जास्त. जी मासळी मिळे तिलाही रॉकेलसारखा वास. ती टोपलीत घेऊन आय पुलावरून चालत ठाण्याला जायची, नौपाड्याच्या गल्ल्यांतून हाळी देत फिरायची. बायका मासा उचलायच्या, नाकाशी धरायच्या आणि परत टोपलीत टाकायच्या. घरात वाचता येणारा मी एकटा. बाबांना सहीसुद्धा येत नव्हती.

हे आधीच सांगून टाकतो. "पोरांच्या टीव्ही मालिकेवरून या वयात एवढं काय तापता?" असं मला विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ती टोपली डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचावं.

पुन्हा मार्च आलाय. कल्याणच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवतो तिथे दहावीचं केंद्र आहे. वर्गात पंखे गरम हवा ढवळतात, पोरं पुरवण्या मागतात आणि बाहेर आयाबाप झाडाखाली उभे असतात. परवा पर्यवेक्षण करून डोंबिवलीला घरी आलो, पाणी प्यायलो, मोबाईल उघडला. शिक्षकांच्या गटात कोणीतरी एक धून टाकलेली. पिपाणीची. टुंई टुंई टुंई. खाली लिहिलेलं, "ओळखा पाहू! आपलं सोन्यासारखं बालपण!" त्याखाली बदामांची रांग. एका बाईंनी लिहिलेलं, "झिंगा! काय हसायचो आम्ही!"

मीही ओळखली. हातातला ग्लास आपटलाच मी. बायको आतून म्हणाली, "आता काय झालं?"

काय झालं ते मी पस्तीस वर्षं सांगायचं टाळत आलोय.

त्या काळी ठाण्यात दर महिन्याला एक चित्रांची पुस्तिका निघायची. कागद खरखरीत, रंग दोनच, निळा आणि काळा, तेही एकमेकांवर घसरलेले. तिच्यातला नायक म्हणजे नाथा उधाण. आमच्यासारखाच खाडीवरचा कोळी. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी, अंगात दुसरं काही नाही. त्याच्या शक्तीला जादूची अंगठी लागत नव्हती की आकाशातून पडलेला दगड लागत नव्हता. भरती चढायला लागली की नाथाच्या अंगात बळ चढायचं. पूर्ण भरतीला तो गलबत खांद्यावर घ्यायचा. आणि ओहोटी लागली की बळ उतरत जायचं, इतकं की पूर्ण ओहोटीला तो तुमच्या-माझ्यासारखा साधा माणूस. दुष्ट लोकांना हे ठाऊक असायचं. ते ओहोटीची वाट बघायचे, नाथा पाण्याची. सगळी गोष्ट त्या वाट बघण्यावर चालायची. वाट बघणारा दुसरा महावीर मी पुढे कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही.

दुपारी होड्या काठाला लागल्या की माणसं सावलीत बसून जाळी सांधायची. मी मधे बसून मोठ्याने वाचायचो. चित्र आलं की पुस्तिका फिरवून सगळ्यांना दाखवायची, तेवढ्यापुरत्या सगळ्यांच्या हातातल्या लाकडी सुया थांबायच्या. बाबा ओरडायचे, "चित्र दाखवू नको रं जास्त. आज जाला व्हयाचा नाय." आणि स्वतःच मान लांब करून बघायचे.

एकदा मी वाचलं, "षष्ठीची दुपार. बारा वाजले. खाडी तुडुंब भरली." बाबांनी सुई खाली ठेवली.

"कोन बोलतंय? सहा पाऊने साडेचार. षष्ठीला बारा वाजता चिखल असल नुसता. तुझा नाथा काय चिखलात पोहतंय?"

आमच्याकडे भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बारा, मग रोज पाऊण तास उशीर. शाळेत आम्हाला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकवलीच नाही, जुनी म्हणून सोडून दिलेली. शाळेत कधीच न गेलेल्या माझ्या बापाला ती झोपेतही यायची.

"ल्ही त्याला," बाबा म्हणाले. "नाथाचा जीव भरतीवर हाय ना? मंग भरती तरी नीट दे बोल."

मी पोस्टकार्ड लिहिलं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नौपाड्यातला पत्ता होता. आठवड्याने उत्तर आलं, कोळीवाड्यात कोणाच्याही नावाने आलेलं बहुधा पहिलंच पोस्टकार्ड. पुस्तिका काढणारे ठोसरकाका दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि उरल्या वेळात नाथा काढायचे. त्यांनी लिहिलेलं, "आपल्या वडिलांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर. यापुढे तिथी त्यांना विचारूनच घालीन."

आणि खरंच विचारायचे. आयची फेरी त्यांच्या गल्लीतून असायची. ठोसरकाका चिठ्ठी द्यायचे, "नाथाला दुपारी पकडायचा आहे, तिथी कोणती घेऊ?" ती चिठ्ठी टोपलीतून घरी यायची, ओली, मासळीचे खवले चिकटलेली. मी वाचायचो, बाबा क्षणभर डोळे मिटायचे आणि तिथी सांगायचे, मी ती मागच्या बाजूला लिहायचो. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत टोपलीत. महिनाभराने तीच तिथी पुस्तिकेत छापून आली की बाबा बोट ठेवायचे. अक्षर कळायचं नाही, पण विचारायचे, "ही माजी ना?" हो बाबा, ही तुमची.

मग बातमी आली की नाथावर टीव्ही मालिका होणार. हिंदीत. रविवारी सकाळी. सगळा देश बघणार.

मी दहावीत होतो, ठाण्यातल्या शाळेत. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा पोरगा. बातमी आली आणि माझी जीभ सुटली. "नाथा आमच्या खाडीतला आहे. तिथी माझा बाप देतो." चार पोरांना सांगितलं, चाळीसांना कळलं. तोवर मी कोळीवाड्यात राहतो हे अर्ध्या वर्गाला ठाऊक नव्हतं. मीच दवंडी पिटली.

कोळीवाड्यात टीव्ही एकच, देवळाशेजारच्या मंडळाच्या खोलीत. पहिल्या रविवारी होड्या बाहेर गेल्याच नाहीत. बायकांनी वेण्या माळल्या. बाबांनी धुतलेला सदरा घातला. नवी होडी पाण्यात लोटताना नारळ फोडतात, तसा बाबांनी टीव्हीसमोर नारळ फोडला. मंडळाचा सेक्रेटरी ओरडला, "पानी उरवू नका मशिनीवर!" हशा झाला. पोरं पुढे, बायका मधे, बापे मागे भिंतीला टेकून. आणि सुरू झालं.

नायकाचं नाव विक्रांत. विलायतेहून शिकून आलेला, बंगल्यातला, गोरापान. त्याला समुद्रात पडलेल्या उल्केचा पट्टा सापडतो, तो कमरेला बांधला की शक्ती. भरती नाही, ओहोटी नाही. बटण दाबलं की झालं. आम्ही म्हटलं, असेल, हा कोणी पाहुणा असेल, नाथा मागून येईल.

तेवढ्यात ती पिपाणी वाजली. टुंई टुंई टुंई. डोक्यावर टोपली, कमरेला रुमाल, तिरळे डोळे, असा एक माणूस बंगल्यात शिरला आणि गालिच्यावर घसरून पडला. मासे उडाले. बंगल्यातल्या सगळ्यांनी एकदम नाकं दाबली. तो रडक्या आवाजात म्हणाला, "शाब, झिंगा को माफ करो."

आणि आम्ही हसलो.

हे मला लिहायलाच हवं. आम्ही सगळे हसलो. पोरं लोळली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझा बाप डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. तो तीनदा आला, तीनदा पिपाणी वाजली, तीनदा नाकं दाबली गेली आणि तिन्ही वेळा आम्ही हसलो. संपलं, नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या, तेव्हा बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "नाथा कवा येनार रं?"

मी पाट्या वाचल्या होत्या. त्या टोपलीवाल्या नटापुढे 'नाथा उर्फ झिंगा' असं होतं. मला वाचता येत होतं ना!

"बाबा," मी म्हटलं, "तो टोपलीवाला होता ना, तोच नाथा."

बाबांचा चेहरा मी शब्दांत पकडायला जाणार नाही. त्यांनी खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतले होते. ते तसेच हातात धरून ते बाहेर गेले. आत ते एकेकाला कळत गेलं. एक म्हातारी तेवढी विचारत राहिली, "काय झाला? काय झाला गो?" तिला कोणी सांगितलं नाही.

मला राग नेमका कशाचा आहे, हे समजावून सांगताना मी आजही थकतो. "रूपांतरात बदल होणारच सर," असं आमचे चित्रकलेचे शिक्षक म्हणतात. होऊ द्या ना. नाथाला पँट घाला, मोटारीत बसवा, हिंदीच काय, फारसी बोलायला लावा. पण भरती काढली? ज्याच्यावर तो उभा होता, तेच काढलं? वाट बघणाऱ्याला बटण दिलं. बरं, काढलंत तर काढलंत, मग त्या माणसाला घरी तरी जाऊ द्यायचं होतं. ते नाही. त्याला ठेवलं, त्याच्या कमरेचा रुमाल ठेवला, आयच्या डोक्यावरची टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली आणि देशाला सांगितलं, आता याला हसा. आणि ते एवढ्या सफाईने केलं, की ज्यांची टोपली होती तेही हसले. ही चोरी मला सहन होत नाही. सोन्यासारखं बालपण म्हणे.

सोमवारी वर्गात शिरलो. बसलो. मागून एकाने तोंडाने पिपाणी वाजवली. चाळीस पोरांनी नाकं दाबली.

"ए झिंगा, तिथी काय आज?"

"झिंगाच्या बापाला विचार!"

"शाब, माफ करो!"

सर आले, फळ्याकडे वळले आणि त्यांचेही खांदे हसण्याने हलताना मी पाहिले. दर सोमवारी नवा भाग, नवे विनोद. परीक्षा तोंडावर आलेली. मी डोकं खाली घालून बसायचो आणि वहीत एकच गणित पुन्हापुन्हा करायचो.

त्याच दिवसांत मी जे केलं त्याचा राग मालिकेवरच्या रागाहून मोठा आहे. आयची फेरी आमच्या शाळेच्या फाटकावरून जायची. मधल्या सुट्टीची वेळ असली तर ती थांबायची आणि मला हाक मारायची. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्यापासून शाळेकडून येऊ नको."

ती कोयता धूत होती. "का रं?"

"नको म्हटलं ना. दुसऱ्या गल्लीने जा."

तिने कोयता पुसला, पाटावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती तलावाच्या बाजूने लांबचा वळसा घेऊन जायला लागली. डोक्यावर टोपली, पायांत चप्पल नाही, मार्चचं ऊन.

म्हणजे पडद्यावरच्या लोकांनी नाक दाबलं, वर्गातल्या पोरांनी दाबलं आणि घरात मी दाबलं.

तो राग डोक्यात घेऊन मी ठोसरकाकांकडे गेलेलो. ते ओट्यावर बसून कुठल्याशा कापडदुकानाची पाटी रंगवत होते. हातात बारीक ब्रश, चष्मा नाकावर उतरलेला. मला बघून म्हणाले, "ये रे. आईकडे चिठ्ठी द्यायची राहिली—"

"कसली चिठ्ठी?" मी म्हटलं. "पट्ट्याला तिथी लागत नाही."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. बराच वेळ ढवळत राहिले. "ते म्हणाले, खाडीतला कोळी हिरो म्हणून कोण बघणार. मी म्हटलं, पोरं बघतात. ते म्हणाले, कुठली पोरं? मला काही उत्तर सुचेना, बाळ."

"माझं नाव सांगायचं होतं! माझ्या बापाचं सांगायचं होतं!"

"चुकलंच माझं."

"मग परत काढा नाथा. खरा नाथा काढा. गेल्या अंकात तुम्ही त्याला चिखलात खांबाला बांधून ठेवलाय. पुढचा अंक कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आता काढता येत नाही मला. कागदावर सही केलीय. नाथा त्यांचा झाला. माझ्या हाताने मी त्याची रेघसुद्धा मारायची नाही, असं ठरलंय."

मी ओट्यावरून उतरलो. "आमच्या बाबांना सही येत नाही, ते बरंय," एवढं बोललो आणि चालता झालो. मागून त्यांनी हाक मारली. मी थांबलो नाही. मोठा अपमान करून आल्यासारखं तेव्हा वाटलेलं. खरं तर म्हातारा रडत होता, हे मला आवाजावरून कळलं होतं.

घरी येऊन सांगून टाकलं, परीक्षेला बसणार नाही. होडीवर दुसरा माणूस नाहीच आहे, मी येतो. आय एकदम म्हणाली, "पोर येडा झाला." बाबा जाळं सांधत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यो शेवटचा अंक आन."

"कशाला? पुढचा निघणार नाही. संपलं ते."

"आन तरी."

मी आणला. शेवटच्या पानावर नाथा, ओहोटीच्या चिखलात, दुपारच्या उन्हात, खांबाला साखळीने बांधलेला. मान खाली. पाणी कुठेच नाही. खाली लिहिलेलं, पुढील अंकी.

"तिथ कंची ल्हीलीय?"

"नवमी."

"माजीच ती. मीच दिलेली." बाबांनी डोळे मिटले. "नऊ पाऊने पावनेसात. दुपारी वटी बरोबर हाय. संध्याकाली पावनेसातला पानी पुरा भरल. वर आपल्याकरं पोचाला आनखी घटका." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "नवमीचा म्हंजे भांगाचा पानी. जोर नाय त्याला. उधानासारखा धावत नाय येनार. पन येल."

"बाबा, पुढचं चित्रच काढणार नाहीत ते."

"नाय काढला तर नाय काढला. चित्र नाय काढला म्हनून पानी यायाचा थांबतंय काय?"

आणि पुन्हा सुई हातात घेतली. जाळं सांधता सांधता, वर न बघता म्हणाले, "मना वाचता येत नाय, म्हनून मी हसलू त्या दिवशी. तुना वाचता येतंय. तू कशाला पलतंस?"

त्या बोलण्याने माझा राग गेला नाही. राग जायला मी काही संत नाही. पण त्याला बसायला जागा मिळाली. मी खुंटीवरचं दप्तर काढलं. परीक्षेच्या पहिल्या दिवशी केंद्राच्या फाटकात कोणीतरी पिपाणी वाजवलीच. मी मागे वळून म्हटलं, "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. लिहून घे." पोरगा गोंधळला. मी आत गेलो.

नाथा त्या संध्याकाळी सुटला असेल का, हे कुठल्याच अंकात छापून आलं नाही. मालिका वर्षभर चालली. ठोसरकाका पुढे पाट्याच रंगवत राहिले. मी त्यांच्याकडे पुन्हा कधी गेलो नाही आणि ते गेल्याचं मला आयकडून कळलं. तोवर मी कॉलेजात होतो. ही एक चूक दुरुस्त करायची राहून गेली.

दुसरीही राहिलीच. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी आयला म्हटलं, "आता शाळेकडूनच जात जा. मी येतो तुझ्याबरोबर, टोपली मी घेतो." ती हसली. म्हणाली, "ती गल्ली सुटली बाला आता. गिराइका इकरची बांधली." आणि मरेपर्यंत त्या लांबच्या वळशानेच गेली.

आता मी शाळेत आठवीच्या पोरांना भरती-ओहोटीचा धडा शिकवतो. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, सगळं पुस्तकातलं सांगतो आणि मग पुस्तक मिटून पाऊणकी पाठ करून घेतो. पोरं कुरकुरतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही, परीक्षेला नाही. म्हणा. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड.

परवाच्या त्या बदामांच्या रांगेखाली मी शेवटी लिहिलं, "झिंगाचं खरं नाव नाथा होतं. तो आमच्या खाडीतला. त्याला तिथी माझे वडील देत." मग एकाने सकाळची वेळापत्रकाची सूचना पुन्हा टाकली.

ठीक आहे. जे झालं ते नोंदवून ठेवतो. मी दहावी झालो, बारावी झालो आणि ठाण्याच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. पहिला वर्ग नाही मिळाला, दुसरा मिळाला. आमच्या कोळीवाड्यातला मी पहिला पदवीधर. पदवीच्या कागदावर तीन नावं पूर्ण छापलेली आहेत, आणि मधलं नाव बाबांचं आहे. तो कागद घरी आणला तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही माजी ना?"

हो, म्हटलं. तुमची.